ठाण्याच्या राजाचं तेर

जांभळी नाक्याजवळ माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. एरवी वाढदिवस, दहीहंडी, भावपूर्ण श्रद्धांजली. त्या दिवशी एका शाळेच्या प्रदर्शनाचं काम होतं, ‘शिलाहारांचं ठाणे’. शिलाहार म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी इथं राज्य करणारं राजघराणं. इतिहासाचे निवृत्त सर स्वतः प्रूफ बघायला बसले होते.

मशीनमधून पहिला फलक उतरला. राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट, १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदताना सापडलेला. त्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे. खाली शिलाहार राजांची बिरुदं ठसठशीत अक्षरांत: महासामंताधिपती, तगरपुरपरमेश्वर, सुवर्णगरुडध्वज.

कडेला रिंगा ठोकणारा आमचा पोरगा हातोडी धरून तसाच थांबला. “दादा, तगर म्हंजी आमचं तेर की! धाराशिवजवळचं.”

सर खुर्चीतून उठलेच. “तू तेरचा?”

मग काम राहिलं बाजूला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं, हे सरांनी सांगितलं. पोरानं गोरोबाकाकांचं मंदिर, विटांचं त्रिविक्रम मंदिर, गावातलं वस्तुसंग्रहालय, सगळं एका दमात सांगितलं. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“मग राजा इथला का आमच्याकडचा?” त्यानं विचारलं.

सर म्हणाले, “राज्य कोकणात, सुरुवातीला दख्खनच्या राष्ट्रकूट सम्राटांचे सामंत म्हणून. तेरवर यांची सत्ता नव्हती. पण आपलं घराणं तिथलं, हे ते दानपत्रांत अभिमानानं लिहायचे.”

मला त्याहून भिडलं ते दुसऱ्या फलकावरच्या अपराजित या शिलाहार राजाचं. ९७३ मध्ये राष्ट्रकूट बुडाले. पुढे ९९७ च्या भिवंडीजवळच्या भादाण ताम्रपटात या सामंतानं त्या संपलेल्या धन्यांची वंशावळ दिली, त्यांच्या अस्ताबद्दल हळहळ व्यक्त केली. आता कुणाची भीती नव्हती, कुणाकडून लाभ नव्हता. असल्या निष्ठेचा फलक छापायला मिळाला, याचं मला फार समाधान वाटलं.

जाताना सरांनी एक फलक वाढवला, तेरचा. पोराच्या मोबाइलमधले फोटो मोठे केल्यावर फुटत होते. त्यानं तिथूनच चुलतभावाला फोन लावला: “सकाळी उन्हाच्या आत देवळाकडं जा. विटा नीट दिसल्या पाहिजेत.”