अकरा मात्रांचा ऊस

ब्रिस्बेन नदीवर एका रॉक बँडच्या नावाचा पूल आहे. गो बिटवीन ब्रिज. चार पदरी, टोलचा, २०१० साली वाहतुकीला खुला झालेला. नाव काय ठेवायचं म्हणून लोकांकडून मतं मागवली, तर लोकांनी 'द गो-बिटवीन्स'ला कौल दिला. या बँडचं एकही गाणं कधी म्हणावं तसं गाजलेलं नाही, हे विशेष. आपल्याकडे पुलाच्या नामकरणावरून किती मोर्चे निघतात ते आठवलं आणि या शहराबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

मावसभाऊ बरीच वर्षं इथे आहे. त्या पुलावरून कामाला जातो, टोल भरतो, पण नाव कुणाचं ते त्याने कधी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी त्याने गोल्ड कोस्ट, कांगारू, कोआला असा भरगच्च बेत आखून ठेवलेला. "दादा, एवढा लांब आलास आणि पूल काय बघतोस?" म्हणाला. पण आला बरोबर. पायी जाणाऱ्यांना टोल नाही, हेही त्याला त्या दिवशीच कळलं.

मी या बँडकडे वळलो तो ग्रँट मॅक्लेननमुळे. दोन गीतकार-गायकांपैकी एक. जन्म १९५८, रॉकहॅम्प्टनचा. वडील डॉक्टर होते, ते लहानपणीच गेले. आईने दुसरं लग्न केलं आणि मुलगा क्वीन्सलँडच्या पार उत्तरेला, गुरांच्या अवाढव्य रानात वाढला. शाळेसाठी ब्रिस्बेनला वसतिगृहात, सुट्टीत रेल्वेने घरी. त्याच्या गाण्यांत पुढे जे काही आलं त्याचं निम्मं या येण्याजाण्यातून आलेलं आहे, असं मला वाटतं.

१९७६ च्या सुमारास क्वीन्सलँड विद्यापीठात, नाटकाच्या वर्गात, त्याची रॉबर्ट फॉर्स्टरशी गाठ पडली. फॉर्स्टरला बँड काढायचा होता. मॅक्लेननला एकही वाद्य येत नव्हतं. त्याला वेड सिनेमाचं, विद्यापीठाच्या शॉनेल थिएटरात तो कामही करायचा. फॉर्स्टरने वाजवणारा शोधत बसण्याऐवजी मित्रालाच बेस गिटार शिकवली. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय वेडगळ म्हणावा असाच. पण पुढे जवळजवळ तीस वर्षं ही जोडी टिकली (मधे दहाएक वर्षांचा खंड पडला तरी), आणि दोघं एकमेकांना कधी झाकोळून टाकत नव्हते. फॉर्स्टरची गाणी तिरकस, कोरडी, थोडी नाटकी. मॅक्लेननची मऊ, सुरेल, आणि ऐकून झाल्यावर बोचणारी.

पुलाच्या मिल्टनकडच्या टोकाहून हेल स्ट्रीटने वर गेलं की सनकॉर्प स्टेडियम लागतं, आणि त्याच्या अंगाने कॅक्स्टन स्ट्रीट. आता तिथे बार आणि हॉटेलं. सामन्याच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते म्हणे. त्याच रस्त्यावर बरूना हॉल आहे, एकोणिसाव्या शतकातला, वारसा यादीतला. १९७८ च्या एप्रिलमध्ये गो-बिटवीन्स पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले ते इथे. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. समोरच्या फुटपाथवर उभं राहून जेवढा दिसला तेवढा पाहिला.

त्या काळचं ब्रिस्बेन आजच्यासारखं मोकळंढाकळं नव्हतं. जो ब्येल्के-पीटरसन १९६८ पासून १९८७ पर्यंत राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. १९७७ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर बंदी घातली. पोरांच्या कार्यक्रमांत पोलीस घुसायचे, पोस्टर चिकटवताना धरायचे. क्लाउडलँड नावाचं डोंगरमाथ्यावरचं लाडकं नृत्यगृह १९८२ मध्ये रातोरात पाडलं गेलं, सकाळी उठून लोक बघतात तर मलबा. ज्याला काही वेगळं करायचं होतं तो सिडनी-मेलबर्न गाठायचा, नाहीतर थेट लंडन. हे दोघंही गेले. आणि मग त्याच शहराने तीस वर्षांनी टोलनाक्यासकट त्यांचं नाव लावलं! चूक पुरती निस्तरली असं काही म्हणता येणार नाही, पण मला त्यातला खवचटपणा आवडला.

तर लंडन. गारठा, खिशात पैसे नाहीत, एकाच घरात ऑस्ट्रेलियातून आलेली बरीच मंडळी. त्यांत गायक निक केव्ह होता. त्याची गिटार पडलेली होती, ती उचलून मॅक्लेननने 'कॅटल अँड केन' म्हणजे 'गुरं आणि ऊस' हे गाणं रचलं. १९८३ मध्ये 'बिफोर हॉलिवूड' या अल्बममध्ये आलं. शाळकरी पोरगं उसाच्या रानातून घरी निघालंय, पत्र्याचं आणि लाकडाचं घर, वडिलांचं घड्याळ त्याच्याकडून हरवतं, मग मोठ्या शहरात पुस्तकांचं जग. बस्स, एवढंच. कुठेही 'मला घरची आठवण येते' असं तो म्हणत नाही. आईला आवडावं म्हणून लिहिलं, असं तो सांगायचा. पण तिला रेकॉर्ड ऐकवणार कशी? रानात साधी वीज आलेली नव्हती. त्याने ते फोनवर गाऊन दाखवलं.

या गाण्याचा ठेका मला कितीतरी दिवस छळत होता. तबला मी जेमतेम शिकलोय, तरी बोटांवर मोजायची सवय जात नाही. चार-चारच्या हिशेबाने मोजायला जावं तर प्रत्येक वेळी पाय अडखळतो. शेवटी जमलं: पाच, दोन, चार. अकरा मात्रा. आपल्याकडे रुद्र तालाच्या अकरा मात्रा असतात, पण तो ऐकणारे आणि वाजवणारे दोघेही दमाचे लागतात. इथे लिंडी मॉरिसन ड्रमवर ते असं सहज वाजवते की चाल सरळच आहे असं वाटावं. उसातून चालताना सरी-वरंब्यावर पावलं जशी एकसारखी पडत नाहीत, तसं ते गाणं चालतं. हे माझं मत. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, त्यामुळे उसाच्या बाबतीत मी जरा अधिकारानेच बोलतो.

आणि म्हणूनच कोआला सोडून मी टिल्ट ट्रेनमध्ये बसलो. ब्रिस्बेन ते रॉकहॅम्प्टन, सुमारे ६४० किलोमीटर, साडेसात तासांच्या आसपास. वळणावर डबा कलतो म्हणून हे नाव. चहाचा कप सांभाळावा लागतो. कानात मॅक्लेननचं एकट्याचं काम लावलं होतं. सहा अल्बमनंतर १९८९ च्या शेवटी बँड मोडला, तेव्हा त्याने चार सोलो अल्बम केले. त्यातला १९९४ चा 'हॉर्सब्रेकर स्टार' अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्सला रेकॉर्ड झालेला, लांबलचक, थोडा सैल. समीक्षकांचं काहीही असो, रेल्वेच्या खिडकीला तो फार शोभतो.

बंडाबर्गच्या अलीकडे ऊस सुरू झाला आणि मी हेडफोन काढले. गळीत हंगाम चालू होता. इथे तो जूनपासून, आपल्याकडच्या दिवाळीच्या कितीतरी आधी. लाल माती, रुंद पट्टे, पण रानात माणूस नाही. कोयता नाही, मोळ्या नाहीत, वाढ्यांवर तुटून पडलेले बैल नाहीत. एक यंत्र उभ्या उसात शिरतं, फूटभराच्या कांड्या करून शेजारून चालणाऱ्या गाडीत ओततं, पाचट मागे रानातच पसरतं. मग त्या कांड्या लोखंडी जाळीच्या डब्यांतून, दोन फुटी रुळांवरच्या खेळण्यातल्यासारख्या दिसणाऱ्या गाडीने कारखान्याला. अशी एक गाडी फाटकाशी थांबलेली दिसली. डबे मोजायला घेतले आणि आमची गाडी पुढे निघून गेली.

यंत्रं येण्याआधी हा ऊस हातांनीच तोडला जायचा. १८६३ पासून चाळीस वर्षांत पॅसिफिकमधल्या बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं इथे मजुरीला आणली गेली, कित्येकांना फसवून, काहींना उचलून. मॅक्लेननच्या गाण्यात हे नाही, एका पोराच्या आठवणीत ते येणारही नाही. पण बीडच्या टोळ्या पालात राहताना पाहिलेल्या माणसाला हिरवं रान बघून नुसतं हळवं होता येत नाही.

रॉकहॅम्प्टनला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. चौकाचौकांत बैलांचे पुतळे. हे ऑस्ट्रेलियाचं गोमांसाचं गाव. मकरवृत्त गावावरूनच जातं. डेनिसन स्ट्रीटच्या अगदी मधोमध रेल्वेचे रूळ आहेत आणि उत्तरेला जाणारी गाडी दुतर्फा घरं, मोटारी, झाडं यांच्यामधून हळूहळू निघते. ते बघायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबलो.

२००० मध्ये बँड पुन्हा जमला. २००५ च्या 'ओशन्स अपार्ट' या अल्बमला 'आरिया' हा ऑस्ट्रेलियातला संगीत पुरस्कार मिळाला, या बँडला पहिल्यांदाच. उशिरा का होईना, गाडी रुळावर येत होती. ६ मे २००६ ला ब्रिस्बेनच्या हायगेट हिलमधल्या घरी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मॅक्लेनन जरा आडवा झाला आणि झोपेतच हृदयविकाराने गेला. ४८ वर्षांचा. त्याची अर्धवट राहिलेली गाणी फॉर्स्टरने पुरी करून २००८ च्या आपल्या अल्बममध्ये घेतली.

मोटेलच्या काउंटरवर साठीच्या बाई होत्या. मॅक्लेननचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी फोनवर गाणं लावलं. त्यांनी चष्मा वर सारून शेवटपर्यंत ऐकलं, मधे एका पाहुण्याला किल्लीही दिली. "छान आहे," म्हणाल्या, "पण तुम्ही चुकीच्या गावी आलात. इथे तुम्हाला फक्त गुरं मिळतील. ऊस बघायचा तर मॅकेला जा, गाडीने चार तास. आणि हा जो सांगतोय तो तर त्याच्याही कितीतरी वर, केर्न्सकडचा."

केर्न्स अजून हजार किलोमीटर. परतीचं तिकीट खिशात होतं, तरी मी त्यांच्याकडे उत्तरेच्या गाडीचं वेळापत्रक मागितलं.