परराज्यात बिऱ्हाड आणि चासिस क्रमांकातील एक शून्य

कंपनीने बंगळुरूच्या कार्यालयात पाठवल्यामुळे आम्ही विदर्भातील बिऱ्हाड आवरून तिकडे गेलो. घर मिळाले, सामान धडपणे पोहोचले, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला आणि महिना सरण्याआधी घरचे रुटीनही बसले, त्यामुळे या सगळ्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगायचे आहे ते गाडीविषयी. बाकी सर्व कामांना मिळून जेवढा मनस्ताप झाला नाही, तेवढा गाडीच्या ना-हरकत प्रमाणपत्राने, म्हणजे सर्वजण ज्याला एनओसी म्हणतात त्या कागदाने, मला एकट्याने दिला.

आधी कायदा थोडक्यात सांगतो, कारण याबाबत सोसायटीच्या वाहनतळापासून कार्यालयाच्या कँटीनपर्यंत जो तो वेगळेच काही सांगत असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात वैध असते. म्हणजे एमएचची गाडी कर्नाटकात चालवणे हा गुन्हा नाही. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी कलम ४८ खालील ना-हरकत प्रमाणपत्र मूळ नोंदणी कार्यालयाकडून आणावे लागते. ‘तीस दिवसांत नंबर बदला, नाहीतर गाडी उचलतील’ असे मला पहिल्याच आठवड्यात बजावणारे शेजारी सद्हेतूनेच बोलत होते, पण त्यांनी कलम ४९ मधील पत्ताबदल कळवण्याची तीस दिवसांची मुदत आणि कलम ४७ मधील बारा महिने यांची गल्लत केली होती.

बीएच, म्हणजे ‘भारत’ नोंदणी मालिकेचा पर्याय मीही पाहिला होता. १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या या मालिकेचा क्रमांक असेल, तर राज्य बदलले तरी नोंदणी बदलावी लागत नाही. परंतु खासगी नोकरदारासाठी त्याच्या आस्थापनेची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत असणे आवश्यक आहे. माझ्या कंपनीची कार्यालये दोनच राज्यांत आहेत, त्यामुळे तो विषय तेथेच मिटला. ज्यांची कंपनी या अटीत बसते, त्यांनी पुढचे सगळे वाचण्याआधी हा मार्ग जरूर तपासावा.

आता अडलेल्या जागेकडे येतो. एनओसीचा अर्ज ‘वाहन’ या सरकारी वाहन-नोंदणी प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. गाडीचा क्रमांक आणि चासिस क्रमांकाची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाची, शेवटची पाच अक्षरे भरली की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि अर्ज उघडतो. (तो मोबाइल क्रमांक चालू ठेवा. नव्या शहरात नवे सिम घेऊन जुने बंद करणाऱ्यांची येथे फार पंचाईत होते.) मी आरसीवरून पाच अक्षरे भरली. माहिती जुळत नाही, असे उत्तर आले. चष्मा लावून, बॉनेट उघडून, प्रत्यक्ष गाडीवर कोरलेला क्रमांक वाचून पुन्हा भरला, तरी उत्तर तेच. शेवटी वैतागून शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकून पाहिला आणि अर्ज निमूटपणे उघडला.

माझी गाडी २०१४ ची आहे. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत चढवताना कोणीतरी शून्याऐवजी ‘ओ’ दाबला होता आणि त्या नोंदीकडे तोवर कोणाचेच लक्ष गेले नव्हते. छापील आरसीवर शून्य आणि ‘ओ’ इतके सारखे दिसतात की वर्षानुवर्षे विमा, पीयूसी सर्व काही सुरळीत चालू राहिले. खरे तर ही चूक होण्याचे काही कारणच नाही. १७ अक्षर-अंकांचा जो वाहन ओळख क्रमांक चासिसवर असतो, त्याच्या आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकाने आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वगळलेलीच आहेत, ती एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणूनच. त्यामुळे चासिस क्रमांकात ‘ओ’ दिसला तर तो शून्यच असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रणालीने ते अक्षर स्वीकारायलाच नको होते, पण ते तिने स्वीकारले होते.

‘ओ’ टाकून अर्ज उघडतो आहे ना, मग तसाच भरून मोकळे व्हा, असा सल्ला मला एका एजंटाने आत्मविश्वासाने दिला. तो मी मानला नाही आणि तुम्हीही मानू नका. नव्या राज्यात क्रमांक देण्याआधी निरीक्षक गाडीवरील कोरीव क्रमांक कागदाशी ताडून पाहतात. तेथे हे निसटले, तरी चुकीचा क्रमांक नव्या आरसीवर कायमचा उतरतो आणि उद्या अपघाताचा दावा आला की विमा कंपनीचा सर्वेक्षक नेमके तेच अक्षर शोधून काढतो. शिवाय गाडी चोरीची नसल्याची खातरजमा चासिस आणि इंजिन क्रमांकावरूनच होते. उत्सुकतेपोटी मी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत ‘ओ’ असलेला क्रमांक टाकून पाहिला, तेव्हा अशी गाडी चोरीला गेल्याची नोंद नाही असे उत्तर आले. जी गाडी जगात अस्तित्वातच नाही, ती चोरीला जाणार तरी कशी!

तेव्हा आधी दुरुस्ती करणे भाग होते आणि ती फक्त मूळ नोंदणी कार्यालयच करू शकत होते. माझे धाकटे मेहुणे त्याच शहरात राहतात. त्यांना अधिकारपत्र, आरसीची प्रत आणि गाडीवरील क्रमांकाचे छायाचित्र पाठवले. खिडकीवरच्या लिपिकांनी कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “गाडी घेऊन या. साहेब बघतील, मग दुरुस्ती होईल.”

“गाडी बंगळुरूला आहे, साहेब.”

“मग एनओसी घेऊनच जायचे ना!”

एनओसी मिळावी म्हणूनच तर ही दुरुस्ती हवी होती. शिवाय गाडी आधी नेऊन नंतर नोंदणी बदलण्यासाठी कायद्यानेच बारा महिने दिलेले आहेत. मेहुण्यांनी हे नम्रपणे सांगितले, पण उत्तर बदलले नाही. हजार किलोमीटरहून दूर असलेली गाडी एका शून्यासाठी नेऊन परत आणायची, हे मला काही केल्या पटेना.

मग मी उलट बाजूने प्रयत्न केला. बंगळुरूतील परिवहन कार्यालयात जाऊन, तुमच्या निरीक्षकांनी गाडी पाहून क्रमांक प्रमाणित करून द्यावा, अशी विनंती केली. तेथील अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले. परंतु गाडी आमच्या नोंदीत आल्याशिवाय आम्ही तिचे प्रमाणीकरण कोणत्या अधिकाराने करणार, असे त्यांनी विचारले आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. थोडक्यात, एका कार्यालयाला गाडीशिवाय कागद नको होता आणि दुसऱ्याला कागदाशिवाय गाडी नको होती.

यानंतर मी लेखी पुराव्याच्या मागे लागलो. गाडी घेतली तेव्हाची फाइल जपून ठेवण्याची मला सवय आहे आणि तिचा येथे खरोखर उपयोग झाला. विक्रेत्याने दिलेले विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, उत्पादकाचे नमुना २२ आणि पहिल्या वर्षाची विमा पॉलिसी या तिन्हींवर शून्य स्वच्छ छापलेला होता. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चासिसची पेन्सिल प्रिंट, म्हणजे पेन्सिलीने घासून कागदावर उमटवलेला क्रमांक, काढून त्यावर त्यांचा शिक्का घेतला, सोबत शपथपत्र जोडले आणि हा संच मेहुण्यांनी आवक विभागात देऊन पोच घेतली. पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. ‘ठेवून जा, बघतो’ या तोंडी आश्वासनावर कोणताही कागद सोडून येऊ नये. त्यानंतर अनेक आठवडे काहीच झाले नाही. विचारायला गेले की फाइल ‘साहेबांच्या टेबलावर’ असे आणि साहेब दौऱ्यावर असत.

शेवटी उपयोगी पडला तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांच्या शुल्कात केलेल्या त्या अर्जात मी तक्रारीचा एक शब्दही लिहिला नाही. दोनच गोष्टी मागितल्या. एक, माझ्या गाडीच्या मूळ नोंदणी अर्जाची, म्हणजे नमुना २० ची, सोबत लावलेल्या पेन्सिल प्रिंटसह प्रमाणित प्रत. दोन, ‘वाहन’ प्रणालीतील चासिस क्रमांकाची नोंद ज्या कागदाच्या आधारे केली गेली, त्या कागदाची प्रत. पहिल्या नोंदणीच्या वेळी चासिसवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवलेला क्रमांक अर्जासोबत घेतलेला असतो, हे मला त्या जुन्या फाइलमधील झेरॉक्सवरून आठवले होते. म्हणजे ज्या पुराव्यासाठी मला गाडी घेऊन बोलावले जात होते, तो पुरावा त्यांच्याच दप्तरात, त्यांच्याच निरीक्षकाच्या सहीने, इतकी वर्षे पडून होता.

कायद्यात उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती संपायच्या आत प्रती तर मिळाल्याच, पण प्रती देण्यासाठी ज्यांना ती फाइल काढावी लागली, त्या महिला अधिकाऱ्यांनी स्वतः मेहुण्यांना फोन करून बोलावले, दोन्ही क्रमांक समोरासमोर ठेवून पाहिले आणि गाडीचा विषयही न काढता दुरुस्तीचा शेरा मारला. त्याच संध्याकाळी मी पोर्टलवर शून्य टाकून अर्ज उघडला. त्या वेळी झालेला आनंद त्या कामाच्या मानाने हास्यास्पद होता, पण झाला खरा.

येथे कलम ४८ मधील एक तरतूद आवर्जून सांगतो. एनओसीच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला गेला नाही, तर प्रमाणपत्र दिले आहे असेच मानले जाते. आणि एनओसी हाती नसेल, तर अर्जाची पोचपावती आणि घोषणापत्र जोडून नव्या राज्यात अर्ज करण्याची सोय कलम ४७ मध्येच आहे. माझ्या बाबतीत अर्जच दाखल होत नव्हता, त्यामुळे ही तरतूद काही कामाची नव्हती. ज्यांचा अर्ज दाखल होऊन नुसता पडून आहे, त्यांनी मात्र ती जरूर दाखवावी.

पुढचे सगळे सरळ झाले. नमुना २८, म्हणजे एनओसीच्या अर्जाच्या प्रती, चोरीची नोंद नसल्याचा दाखला, थकीत ई-चलन नाही याची खात्री आणि विमा व पीयूसी चालू, एवढ्यावर एनओसी हातात आली. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते आणि कर्ज फिटलेले असेल तर आरसीवरील बोजा नमुना ३५ देऊन आधी उतरवावा लागतो. कर्ज फिटल्याच्या बँकेच्या पत्राची वैधता बहुधा तीन महिनेच असते, म्हणून ते हाती आले की लगेच वापरावे. बंगळुरूत नमुना २७ चा अर्ज, गाडीची तपासणी आणि कर्नाटकचा आजीवन कर भरून नवा क्रमांक मिळाला. कराची आकारणी गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून होते, त्यामुळे खरेदीचे मूळ बिल जवळ असू द्यावे. क्रमांक बदलला की विमा पॉलिसी, फास्टॅग आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट या तिन्ही ठिकाणी बदल करावा लागतो.

तपासणीच्या आधी नवा पत्ता दाखवणारा पुरावा लागतो, हे मघाशीच सांगायला हवे होते. घराचे वीजबिल मालकाच्या नावावर असल्याने माझ्याकडे काहीच नव्हते, म्हणून आधी भाडेकराराच्या आधारे गॅस जोडणी घेतली आणि गॅसचे ताजे बिल दाखवून आधारवरील पत्ता बदलला. असे बिल तीन महिन्यांहून जुने चालत नाही. पत्नीच्या नावावर तेही नव्हते, तेव्हा कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची जी ऑनलाइन सोय २०२३ पासून आहे, ती वापरली. तिचा अर्ज आल्यावर माझ्या आधार खात्यातून मी तीस दिवसांच्या आत मंजुरी द्यायची असते. आणि मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर परराज्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती निघण्यापूर्वीच घ्यावी, कारण नंतर त्यासाठीही एखादे मेहुणे शोधावे लागतात.

आता राहिला तो कराचा परतावा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातील उरलेल्या वर्षांची रक्कम, गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की परत मागता येते. त्यासाठी नवी आरसी, कर्नाटकात कर भरल्याची पावती आणि एनओसीची प्रत जोडून मूळ नोंदणी कार्यालयाकडेच अर्ज करावा लागतो. तो अर्ज मी केला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे आणि यावेळी प्रत्येक कागदावरील चासिस क्रमांक मी मेहुण्यांकडून तेथे, आणि स्वतः येथे, वाचून घेतला आहे.