साचा तोच, डबा वेगळा

खेळण्यांच्या दुकानात एक भिंत गुलाबी, दुसरी निळी. डॉक्टर सेट मात्र दोन्हीकडे मिळतो. दोन्ही डबे उघडून आतले स्टेथोस्कोप शेजारी ठेवले, तर बरेचदा कानात घालायची बोंडं तीच, नळीवरची जोडाची रेघही तीच निघते. फरक रंगाचा, आणि डब्यावरच्या फोटोतल्या मुलाचा.

कारण कारखान्यात आहे. प्लास्टिकच्या खेळण्यात महाग असतो तो पोलादी साचा. चांगल्या साच्याचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे तो जितका जास्त चालेल तितकं बरं. रंगाचं काम तसं स्वस्त: प्लास्टिकच्या शंभर किलो दाण्यांत साधारण दोन-तीन किलो मास्टरबॅच, म्हणजे गडद रंगाचे दाणे, मिसळले की झालं. आधी फिकट गुलाबी काढायचा, मग गडद निळा. उलट केलं तर मशीनमध्ये उरलेल्या निळ्याच्या रेघा गुलाबीवर उमटतात आणि ते नग चुरा करून परत घालावे लागतात. एवढ्याशा खटाटोपात एकाच साच्याची दोन खेळणी होतात. ताईची गुलाबी सायकल धाकट्या भावाला ‘चालत नाही’, मग दुसरी घ्यावी लागते. संस्कृती वगैरे नंतर. आधी हा हिशेब.

जाहिरातवाले याच हिशेबावर गोष्ट चढवतात. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारी, सांधे वळणारी ती सरळसरळ बाहुलीच. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हटलं, आणि खपली! १९९२ मध्ये मॅटेलची बोलकी बार्बी ‘गणिताचा तास अवघड असतो’ अशा अर्थाचं वाक्य बोलली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की ते वाक्य काढावं लागलं. आपल्याकडे किंडर जॉयचं अंडंसुद्धा मुलांसाठी निळं आणि मुलींसाठी गुलाबी आलं. चॉकलेट दोन्हींत सारखंच.

एखादी जाहिरात आवाज बंद करून बघावी. मुलग्यांच्या जाहिरातीत कॅमेरा जमिनीलगत, दृश्यं पटापट बदलणारी, काहीतरी आदळतंय, फुटतंय. मुलींच्या जाहिरातीत उजेड मऊ, हालचाल संथ, कुणीतरी कुणाचे तरी केस विंचरतंय. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये लिंगभेदाच्या साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पण त्या जाहिरातीपुरत्या. दुकानातली भिंत दुकानदार लावतो.

सगळं खापर गुलाबीवर फोडणंही बरोबर नाही. पुण्याच्या तुळशीबागेत मिळणाऱ्या पितळी भातुकलीत गुलाबी कणभरही नसतो, तरी ती मुलींचीच. खरं तर खेळणं म्हणून ती भारी चीज आहे. बंबाला मधली नळी आणि खाली जाळी, जात्याला खुंटा, सोऱ्याला वेगवेगळ्या चकत्या. नळीत निखारा घातला की भोवतालचं पाणी कसं तापतं, खुंटा जात्याच्या वरच्या भागाच्या कडेला का असतो, सोऱ्याचा दांडा दाबला की पीठ चकतीतूनच का बाहेर येतं, हे सगळं हाताला कळतं. अशा यंत्रांच्या खेळात मुलग्याला भूमिका काय, तर पाहुणा. चुरमुऱ्यांचा भात खायचा आणि उठायचं. यात नुकसान त्याचंच आहे.

भेट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा की मुलगी?’ वय सांगावं. आयएसआय खूण बघावी, ती २०२१ पासून सक्तीची आहे. तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी घशात अडकतील असे सुटे भाग नाहीत ना, तेही बघावं. दुकानदार पुन्हा तोच प्रश्न विचारेल. तेव्हा मूल काय करतं ते सांगावं: डबे उघडतं, स्क्रू फिरवतं, सगळ्यांना खोटा चहा पाजतं. मग त्याला दोन्ही भिंतींवरून डबे काढावे लागतात.