गळ्यात मारलेला विमा

2013 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सिटिझन्स अॅडव्हाइस ब्युरोत, म्हणजे लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत, मी स्वयंसेवक सल्लागार होते. त्या सकाळी एक गुजराती जोडपं आलं. काका टॅक्सी चालवायचे. 1972 मध्ये हुकूमशहा ईदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, तेव्हा कंपालाहून इथे आलेले. काकींच्या हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत दहा वर्षांचे कागद.

बँकेने काकांची तक्रार फेटाळली होती. पत्रात थोडक्यात एवढंच होतं, की तुम्हाला विमा ऐच्छिक असल्याचं सांगितलं होतं आणि कागदावर तुमची सही आहे. काका म्हणाले, "सही माझीच आहे, बेटा. आता भांडायचं कशाच्या जोरावर?" ते आले होते ते काकींच्या आग्रहाखातर. काकांच्या मते सही केली की विषय संपला, आणि नंतर पैसे परत मागणं म्हणजे हात पसरणं.

तक्रार पीपीआयची होती, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्सची. कर्ज फिटायच्या आत नोकरी गेली, आजारपण आलं, अपघात झाला तर काही महिने हप्ते विमा कंपनीने भरायचे, अशी ती योजना. कल्पनेत खोट नव्हती, विकण्यात होती. 1990 ते 2010 या काळात ब्रिटनमध्ये असे जवळपास साडेसहा कोटी विमे विकले गेले, आणि त्यातले कितीतरी अशा माणसांना, ज्यांना त्यातून दमडीही मिळणं शक्य नव्हतं. आमच्याच संस्थेने 2005 मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगकडे, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, याविरुद्ध रीतसर दाद मागितली होती. अशा तक्रारी हाताळण्याच्या नव्या नियमांविरुद्ध बँका कोर्टात गेल्या, एप्रिल 2011 मध्ये हरल्या, आणि त्यानंतर भरपाईचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला.

मी कागद टेबलावर पसरले. एप्रिल 2003 चं 8,000 पौंडांचं कर्ज, पाच वर्षांसाठी. गाडी घ्यायला काढलेलं. त्याच्या खालच्या ओळीत विम्याचा प्रीमियम, 1,920 पौंड. हा प्रीमियम महिन्याच्या महिन्याला भरायचा नव्हता. तो एकरकमी कर्जातच मिळवला होता, म्हणजे त्यावरही व्याज. काकांच्या कर्जाचा दर महिन्याला एक टक्का पडत होता. कॅल्क्युलेटरवर आकडे मारले तेव्हा एकट्या विम्याचा हप्ता महिना 42 पौंड 71 पेन्स निघाला, आणि साठ हप्त्यांचे मिळून 2,560 पौंडांच्या वर. काकी माझ्या बोटांकडे बघत होत्या. "एवढे?" त्या म्हणाल्या. एकूण हप्ता किती ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यात विमा किती, ते कोणी फोड करून सांगितलंच नव्हतं.

मग मला अर्ज सापडला. व्यवसायाच्या रकान्यात शाखेतल्या कोणीतरी पेनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सेल्फ-एम्प्लॉइड, टॅक्सी ड्रायव्हर. विम्याच्या चौकोनातली फुली मात्र पेनाची नव्हती. ती कॉम्प्युटरने छापून आलेली होती. सहीला कागद समोर येण्याआधीच 'हो' ठरलं होतं.

आणि पॉलिसीची पुस्तिका? स्वतःचा धंदा असलेल्याला बेकारीचा लाभ हवा तर धंदा कायमचा बंद झाल्याचा पुरावा द्यायचा. टॅक्सीवाल्याला गिऱ्हाईक मिळेनासं झालं, तर तो बेकार धरला जाणार नाही.

"काका, कधी क्लेम केला होता का?"

ते गप्प झाले. काकींनी सांगितलं. 2006 मध्ये काकांची पाठ धरली होती, तीन महिने गाडी जागेवर. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून क्लेम पाठवला. उत्तर आलं की पाठदुखीला एक्स-रेसारखा पुरावा लागतो, नुसती चिठ्ठी चालत नाही. ते तीन हप्ते काकींनी कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून भरले. विम्याच्या हप्त्यासकट. काकांना इतकी वर्षं वाटत होतं की फॉर्म भरताना आपलंच काही चुकलं.

मला त्या दिवशी मनापासून राग आला. हा धंदा चालला तो अशाच माणसांच्या सचोटीवर. शाखेतल्या माणसाने "विमा घेतलात की कर्ज लगेच मंजूर होईल" म्हणावं, यांनी विश्वास ठेवावा, सही करावी आणि पुढे त्या सहीची लाज स्वतःच बाळगावी. मी म्हटलं, "काका, हे पैसे तुमचेच आहेत. तुम्ही कोणाकडे काही मागत नाही आहात." मग त्यांना फुली दाखवली, पेनाचं अक्षर दाखवलं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिले. "ही मी केलेली नाही," ते म्हणाले. तिथून पुढे प्रश्नांची उत्तरं काकींऐवजी तेच देऊ लागले.

पिशवीत एका क्लेम कंपनीचा, म्हणजे फी घेऊन भरपाई मिळवून देणाऱ्या कंपनीचा, करारही होता, सही करायचा राहिलेला. 25 टक्के फी, वर व्हॅट, म्हणजे शंभरातले तीस त्यांचे. बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जायला एक पैसाही लागत नाही, बँकेच्या अंतिम पत्रापासून सहा महिन्यांत गेलं की झालं. हे माहीत नसल्यामुळे किती लोकांनी ते तीस टक्के घालवले असतील! या फीवर कायद्याने 20 टक्क्यांची मर्यादा आली ती थेट 2018 मध्ये.

आम्ही तिथेच बसून ओम्बड्समनची प्रश्नावली भरली. अर्जाची प्रत, पुस्तिकेतलं ते पान, 2006 चं नकाराचं पत्र, सगळं जोडलं. त्या आर्थिक वर्षात ओम्बड्समनकडे पीपीआयच्या पावणेचार लाखांहून जास्त तक्रारी गेल्या, त्यामुळे वर्षभर वाट बघावी लागली. 2014 च्या वसंतात निकाल काकांच्या बाजूने लागला. प्रीमियम, त्यावर भरलेलं व्याज, आणि प्रत्येक हप्त्यावर भरल्या तारखेपासून 8 टक्के सरळव्याज. त्या सरळव्याजावरचा कर कापून हातात जवळपास 3,950 पौंड आले. क्लेम कंपनीने यातले सुमारे 1,185 नेले असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्लेविन खटल्याचा निकाल दिला. त्यातल्या विम्याच्या प्रीमियममधले 71.8 टक्के चक्क दलाली होती आणि ती ग्राहकापासून लपवलेली होती. ती बातमी वाचताना मला काकांचे 1,920 पौंड आठवले. पुढे 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारींची शेवटची तारीख ठरली, आणि एकूण भरपाई 38 अब्ज पौंडांच्या वर गेली.

पण त्या फेब्रुवारीतल्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रश्नावली पाकिटात घातली, तोवर माझी जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. काकी उठल्या, पुन्हा बसल्या आणि पिशवीच्या तळातून क्रेडिट कार्डाचं एक जुनं स्टेटमेंट काढलं. "बेटा, यात हे काय आहे?" पुन्हा पीपीआयच. दर शंभर पौंड बाकीमागे 79 पेन्स, महिन्याच्या महिन्याला. कार्ड काकींच्या नावावर होतं. मी ड्रॉवरमधून दुसरा कोरा फॉर्म काढला, आणि या वेळी काकांनीच खुर्ची पुढे ओढली.