सॅकभर क्रॉफिश, ८० क्वार्टचा टोप आणि एक काळा नट

सापडलं एकदाचं! उकळत्या पाण्यात क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, छोट्या शेवंडासारखे कवचवाले) टाकल्यावर उकळी परत यायला लागणारा वेळ, ज्याच्या नावानं मी मागच्या नोंदींत शंख करत होतो, तो सतरा मिनिटांवरून सातवर आला. टोप तोच, शेगडी तीच, टाकीही तीच. बदलला फक्त टाकीला आवळायचा प्लॅस्टिकचा काळा नट. त्यामुळे आज टोप-जाळी-पॅडलचा हिशोब थोडक्यात उरकतो आणि गॅसवरच बसतो.

नवीन मंडळींसाठी माझी मांडणी: ८० क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे जवळपास लिटरच) अॅल्युमिनियमचा टोप, आत जाळी, खाली ठेंगण्या चौकोनी स्टँडवर दहा इंची बँजो बर्नर (बँजो वाद्यासारखा गोल, ओतीव), २० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) लाल रेग्युलेटर आणि प्रोपेन गॅसची २० पौंडी टाकी. सगळं हाऊस्टनजवळच्या केटीमधल्या आमच्या ड्राइव्हवेवर, गॅरेजच्या बाहेर. बाहेर म्हणजे बाहेरच. पाऊस आला म्हणून ही भट्टी गॅरेजात ओढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त लांब उभा राहतो.

आता सात आणि सतरामध्ये एवढं काय? इथे वेळ मोजायची ती उकळी परत आल्यापासून. परत आली की तीन मिनिटं, मग गॅस बंद, मग मसाल्याच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं मुरवायचं. पण उकळी यायलाच सतरा मिनिटं लागली तर तेवढा वेळ क्रॉफिश गरम पाण्यात शिजतच असतात. मग शेपटीचं मांस पिठूळ होतं, कवचाला चिकटतं, आणि पाहुणे नखांनी कोरत बसतात. मीठ-मसाला पाहिजे तेवढा चांगला घाला, असल्या मालाला काही होत नाही.

हिशोब मांडला तेव्हाच पाणी कुठे मुरतंय ते दिसायला हवं. अर्धा भरलेला ८० क्वार्टचा टोप म्हणजे १० गॅलन, सुमारे ८३ पौंड पाणी. ७० फॅरनहाइटवरून २१२ वर न्यायला जेमतेम १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप). सॅक, म्हणजे क्रॉफिशचं पोतं, ३०-३५ पौंडांची, बर्फाच्या पेटीतून थंडगार आलेली. तिला उकळीपर्यंत आणायला अजून साडेचार हजार. ते सहा मिनिटांत द्यायचे, आणि निम्मी आच टोपाच्या बाजूनं हवेत जाते असं धरलं, तर बर्नरला तासाला ९० हजार बीटीयूच्या दरानं जळावं लागतं. बटाटे, कणसं धरली की लाखाच्या वर. खोक्यावर छापलेला बीटीयूचा आकडा मी वाचतसुद्धा नाही. तो बर्नर किती जाळू शकतो ते सांगतो, त्याच्यापर्यंत गॅस किती पोचतो ते नाही. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

लक्षण असं. पाणी तापेपर्यंत सगळं सुरळीत. क्रॉफिश टाकले, आच वाढवायला लाल नॉब फिरवला, की ज्योत एका क्षणात समईएवढी. नॉब मागे घ्या, पुढे घ्या, ढिम्म फरक नाही. टाकी बंद करायची, नट सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा जोडून अगदी सावकाश उघडायची, मग कुठे ज्योत परत. तोवर टोप थंड आणि घरात सगळे गरम.

पहिला संशय अर्थातच टाकी गारठण्यावर. मेहुणा आला होता, तो म्हणाला, "दाजी, टाकीला दव धरलंय बघा, गोठली ती." त्याचं चुकीचं नव्हतं. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसला उकळतो, टाकीतला द्रव वायू होताना स्वतःचीच उष्णता खातो, आणि द्रवाच्या पातळीपर्यंत बाहेरून पांढरा पट्टा चढतो. द्रव गार पडला की दाब उतरतो. म्हणून टाकी टबात ठेवून नळाचं साधं पाणी ओतलं. (साधंच. गरम पाणी, हीट गन, ज्योत असलं काहीही टाकीजवळ नको.) दव गेलं. ज्योत मात्र नॉब फिरवताच पुन्हा समई.

तिथे पहिल्यांदा ट्यूब पेटली. गारठलेल्या टाकीची ज्योत हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत बसत जाते. माझी एका झटक्यात बसत होती. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि जिथे विचाराल तिथे दोन्हींवर एकच औषध मिळतं: "टाकी भरून आण."

मग रेग्युलेटर आणि बर्नरच्या व्हॉल्व्हमध्ये प्रेशर गेज बसवला, शून्य ते साठ पीएसआयचा. ऑनलाइन मागवलेल्या संचातला पितळी टी निव्वळ कचरा निघाला, आटे अर्धवट कापलेले, साबणाच्या पाण्यात बुडबुडेच बुडबुडे. परत केला आणि हायवेलगतच्या प्रोपेनवाल्याकडून सुटे भाग आणले. दोन डॉलर जास्त गेले असतील, पण तो माणूस आटे हाताने फिरवून बघून देतो.

गेजनं पाच मिनिटांत निकाल दिला. बर्नर बंद, काटा २० वर. थोडा उघडला, १६. अजून उघडला, १२. अजून जरा, आणि काटा टपकन शून्याजवळ. बर्नरचं जेट तुंबलं असतं तर दाब चढाच राहिला असता. उतरला, म्हणजे अडथळा गेजच्या मागे. मागे उरलं काय? रेग्युलेटर, टाकी आणि त्यांच्यामधला नट. टाकी बदलून पाहिली, तेच. दुसरा रेग्युलेटर लावून पाहिला, त्यालाही काळाच नट होता, तेच.

दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर घेऊन प्रोपेनवाल्याकडे गेलो. काउंटरमागच्या आजोबांनी गेजकडे बघितलंसुद्धा नाही, नटाकडे बोट केलं. या क्यूसीसी-१ जोडाच्या आत प्रवाह अडवणारी एक बारीक गोळी असते. नळी फाटली आणि गॅस बेफाम सुटला तर ती पुढे सरकते आणि जेमतेम धार सोडते. कुठल्या प्रवाहाला सरकायचं ते जोडावर ठरतं, आणि नटाचा रंग ते सांगतो: काळा साधारण एक लाख बीटीयूचा, हिरवा दोन लाखांचा, लाल चार लाखांचा. काळा नट अंगणातल्या बार्बेक्यूसाठी उत्तम. माझा बर्नर बरोबर लाखाच्या उंबरठ्यावर जाऊन मागत होता, आणि जोडाला वाटत होतं नळी फाटली. बिचारा आपलं काम चोख करत होता. २० पीएसआयच्या रेग्युलेटरला काळा नट लावून "हाय प्रेशर" म्हणून विकणाऱ्यांबद्दल काय बोलावं? त्यांनी एकदा सॅक उकळून दाखवावी.

आजोबांकडे हिरवा नट शिल्लक नव्हता, म्हणून जुन्या पद्धतीचा पितळी पीओएल जोड घेतला. तो त्याच टाकीच्या तोंडात आतून बसतो. आटे उलटे, डावीकडे फिरवून आवळायचा, आणि पान्यानं. साबणपाणी लावून बघितलं, एकही बुडबुडा नाही. आणि मग जी आच निघाली, राव! काटा १८ वर स्थिर, निळी ज्योत टोपाच्या बुडाला पसरलेली, बँजोचा तो जाड घुमणारा आवाज. पाणी सोळा मिनिटांत खदखदलं. सॅक ओतली, झाकण टाकलं, सातव्या मिनिटाला झाकण उडायला लागलं आणि लाल फेस बाजूनं ओघळला. शेपट्या एका पिळात कवचातून सुटल्या, अख्ख्या. पहिल्या पातेल्यातला एकही क्रॉफिश टेबलावर पोचला नाही, टोपाशीच संपले.

बेत असा होता की पीओएलवर शिक्कामोर्तब करून विषय संपवायचा. पण हे लिहिताना एक गोष्ट टोचतेय. काळ्या-हिरव्या नटांचं प्लॅस्टिक उगाच नाही. जोडाजवळ आग लागली तर ते वितळतं, जोड सुटतो आणि टाकीतली झडप आपोआप मिटते. पितळी पीओएलला ती सोय नाही. आमच्याकडे उकळीच्या दिवशी अंगणात पोरांचा धुडगूस, कुणीतरी नळीत पाय अडकवणारच. तेव्हा बदल: हिरव्या नटाचा जोड मागवतोय. दोन लाखांची मुभा माझ्या गरजेला पुरून उरते आणि संरक्षणही राहतं. तो येईपर्यंत पीओएल, पण लांब नळी लावून, टाकी टोपापासून दूर, वारा आच टाकीकडे नेणार नाही अशा बाजूला.

मधल्या काळात ज्योत पिवळी पडून टोपाचं बूड काजळलं होतं, तेही उलगडलं. हवेच्या झडपेची चूक नव्हती. बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीनं घर केलं होतं. तारेनं उकरलं तर मातीची एक अख्खी कांडी निघाली, फोडली तर आत बेशुद्ध कोळी ठासून भरलेले, अळीच्या जेवणाची बेगमी. हाऊस्टनकडच्या सगळ्यांनी शेगडी ठेवून देताना नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पेटवण्याआधी एकदा टॉर्च मारून बघाच.

आता टोपाचं. स्टेनलेस की अॅल्युमिनियम हा प्रश्न पुन्हा आला होता. माझं मत बदललेलं नाही: अॅल्युमिनियम. आच भराभर पसरते, वजन कमी, किंमत कमी. "लिंबं टाकता, मग अॅल्युमिनियम कसं चालतं?" ही शंका रास्त आहे, आपल्याकडे चिंच-कोकमाचं सार कुणी अॅल्युमिनियममध्ये ठेवत नाही. पण इथे आंबट पाणी तासाभरात ओतून टाकायचं असतं, साठवायचं नसतं. उलट लिंबानं आतला काळपटपणा जातो. रात्रभर मात्र पाणी ठेवू नका. ज्यांना त्याच टोपात बिर्याणी करायची आहे त्यांनी खुशाल जाड बुडाचं स्टेनलेस घ्यावं.

आकार: पूर्ण सॅकला ८० क्वार्ट म्हणजे काठोकाठ. बटाटे, कणसं, सॉसेज सगळं एकदम हवं असेल तर १००. ६० मध्ये सॅक बसते म्हणणाऱ्यांनी ती सॅक मला दाखवावी. भरलेला ८० चा टोप साठ किलोच्या आसपास जातो, म्हणून उंच तिपाई नकोच. रुंद, ठेंगणं, पाय जोडकाम केलेलं स्टँड. जाळीला काठावर टेकायचा आकडा असावा. तो मी या खेपेला बसवून घेतला आणि पाणी निथळेपर्यंत कमरेत वाकून उभं राहणं संपलं. पॅडल लाकडी. लग्नातला लोखंडी झारा वापरून पाहिला, कवचं फोडतो.

जाता जाता: मिठाच्या पाण्यात क्रॉफिश भिजवून पोट साफ करायचा कार्यक्रम मी बंद केला आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या कृषी केंद्रानं तपासून सांगितलंय की मिठानं काही होत नाही. स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा, मेलेले वेचून काढा, झालं.

एक नवा पेच उभा राहिलाय. उकळी आता लवकर येते, पण गॅस बंद केल्यावरही पाणी बराच वेळ उकळीजवळच राहतं, आणि मुरवण्याच्या वेळात माल पुन्हा जास्त शिजण्याची भीती. सोपा उपाय म्हणजे गॅस बंद करताच गोठवलेली कणसं टाकायची. पाण्याचं तापमान झपकन उतरतं, क्रॉफिश बुडायला लागतात आणि मसाला पितात. मी कणसं आधी टाकत होतो, आता शेवटी टाकणार. शिवाय टोपाला बाहेरून होजपाइपचं पाणी मारून बघायचंय.

टाकीचंही ठरत आलंय. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातली, रिकामी देऊन भरलेली घ्यायची अदलाबदलीची टाकी घेऊ नका, २० पौंडीत १५ च भरून देतात. भरून देणाऱ्याकडे जा. २० पौंड म्हणजे साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू, लाखाच्या दरानं चारेक तास, पण शेवटच्या तासात द्रव कमी, वाफ कमी, गारठा जास्त. दोन सॅक लागोपाठ काढायच्या तर ४० पौंडी टाकी घ्यावी असं वाटतंय. ती आडवी टाकून गाडीत नेता येत नाही, म्हणून आमच्या सेडानमध्ये कशी उभी करायची हे पाहतोय.

गुड फ्रायडेला मंडळातली बरीच घरं येणार आहेत, आणि त्या आठवड्यात सॅकचा भाव चढलेला असतोच. २०२३ च्या दुष्काळानंतर २०२४ च्या सुरुवातीला जे भाव झाले होते, त्या मानानं तरी बरे दिवस आहेत. एक सॅक नेहमीच्या केजन मसाल्याची, दुसरीवर हाऊस्टनमधल्या बेलेअर भागातल्या व्हिएतनामी दुकानांसारखं लसूण-लोणी, पण त्यात सासूबाईंचा मालवणी मसाला. मसाला पाण्यात नाही घालणार, शेवटी बर्फपेटीत क्रॉफिशवर भुरभुरून झाकण लावणार. ४० पौंडी टाकी आणि हिरवा नट ही जोडी कुणी वापरली असेल तर पूर्ण आचेवर गेजचा काटा कितीवर राहतो तेवढं कळवा, म्हणजे टाकीचे पैसे घालायचे की नाही ते ठरवतो.