मिरजेची तानपुरी

८ ऑगस्ट

संध्याकाळी फोंड्याहून कदंबा पकडून म्हार्दोळला उतरले. घराच्या पायऱ्या चढतानाच आतून तंबोऱ्याचा झंकार ऐकू आला. वाटलं, मुलाने मोबाईलवर लावला असेल. आत पाहते तर सासूबाई वसरीत चटई घालून बसलेल्या, पुढ्यात नवीकोरी तानपुरी. डोळे मिटून जोडीच्या तारा लावत होत्या. बाजूला फळ्यांचं खोकं, त्याचा एक कोपरा भिजून काळा पडलेला, आणि सगळीकडे पेंढा. "आली गो शेवटी," एवढंच म्हणाल्या, आणि परत खुंटीकडे वळल्या.

आली म्हणजे कशी आली, हे मला कळेना. तिचे पैसे तर आठवड्यापूर्वीच मला परत मिळाले आहेत.

गेल्या चवथीला आरतीच्या गडबडीत आईंची जुनी तानपुरी खुंटीवरून निसटली आणि भोपळ्याला चीर गेली. माहेराहून आणलेली, पन्नास वर्षं हाताळलेली. चिकटवून आणली, पण नाद गेला तो गेलाच. आईंना मिरजेचीच हवी होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी त्यांनी पेपरातून कापून ठेवली आहे. प्रत्यक्ष जाऊन आणायचा विचार होता, वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मिरजेला थांबतेच. पण मला रजा मिळेना, यांचे गुडघे प्रवासाला तयार होईनात. म्हणून ६ जुलैला ऑनलाइन मागवली. ११,८०० रुपये.

पार्सल बेळगावपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. घाटात दरड पडली म्हणे. वीस दिवस ॲपवर तीच एक ओळ. मग २९ जुलैला निरोप आला, पार्सल वाटेत गहाळ झालं आहे, क्षमस्व. ३१ तारखेला सगळे पैसे खात्यात जमा. आईंना मी सांगून टाकलं होतं की श्रावणातली भजनं यंदा पेटीवरच.

आणि आज ती दारात. आणणाऱ्या मुलाने ना ओटीपी मागितला, ना सही घेतली. पावसात भिजत आला होता, यांनी त्याला चहा दिला आणि खोकं आत घेतलं.

रात्री धाकट्या भावजींचा मुंबईहून फोन. त्यांना फार आनंद झाला. "वहिनी, ठेवून द्या. एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांचा विमा असतो, कुणाचं काही जात नाही. तुम्ही काय चोरी केलीत?" हे काही बोलले नाहीत. मुलगा ॲप दाखवत म्हणाला, "आई, बघ, इथे रिफंड पूर्ण लिहिलंय. त्यांच्यासाठी हे संपलं."

स्पीकरवरचं बोलणं आईंनी ऐकलं. मला विचारलं, "हिचे पैसे आपण दिले ना गो?" मी म्हटलं, दिले होते, पण परत आले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग तारांवरून हात फिरवला, तानपुरीला गवसणी घातली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हणाल्या, "म्हाळसेच्या घंटेखाली उभं राहून सांगता येईल का, ही आपली म्हणून?"

बाहेरच्यांसाठी लिहून ठेवते. आमच्या देवळात एक मोठी पितळी घंटा आहे. तिला एरवी लोलक नसायचा. कुणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो अडकवायचे, आणि घंटा वाजवून जो खोटं बोलेल तो तीन दिवसांत मरेल अशी श्रद्धा होती. इथे दिलेली साक्ष पोर्तुगीज अमदानीत कोर्टातही मानत, असं सांगतात. आमच्या घरी लहान मुलांना ही गोष्ट भुताच्या गोष्टींच्याही आधी सांगितली जाते. यांनाही आईंनी ती तशीच सांगितली असणार.

९ ऑगस्ट

झोप लागली नाही. रात्रभर ती मासळीवाली डोळ्यांपुढे.

बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा बँकेत कॅश काउंटरला नवी होते. संध्याकाळी रोकड जुळेना. ५,००० रुपये कमी. तीनदा मोजलं, व्हाउचरं तपासली, टेबलाखाली पाहिलं. कॅश कमी आली तर कॅशियरने पदरचे भरायचे. रडतच भरले. त्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी होती. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच फोंड्याच्या बाजारात बसणारी एक मासळीवाली दारात उभी. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, अजून वास होता त्यांना. म्हणाली, "बाये, हे तुजे. तुका भरचे पडटले आशिल्ले." तिने बँकेचा विचारच केला नव्हता. काउंटरच्या मागे बसलेल्या मुलीला भरावे लागणार, एवढं तिला कळलं होतं.

कॅश जास्त आली तरी आम्ही ती खिशात घालत नाही, वेगळ्या खात्यात टाकून वाट पाहतो. कारण माझ्याकडे ५०० जास्त म्हणजे कुणीतरी आज घरी ५०० कमी घेऊन गेलं आहे. हे मी रोज करते. मग घरच्या खात्यात ११,८०० जास्त असताना स्वस्थ कशी बसू?

११ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत ॲपवर तक्रारीचा रकाना उघडला. ऑर्डर आली नाही. वस्तू खराब आली. रिफंड मिळाला नाही. वस्तूही आली आणि पैसेही आले, असा पर्यायच नाही. शेवटी कस्टमर केअरची मुलगी फोनवर आली. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, केस बंद झाली आहे. तुम्ही ठेवू शकता." मी विचारलं, नुकसान कुणाचं झालं? तुमचं, कुरियरवाल्याचं की तानपुरी बनवणाऱ्याचं? तिला ते स्क्रीनवर दिसत नव्हतं. तिचा काही दोष नाही. पण मला ठेवायला सांगणारी ती, आणि वस्तू भलत्याचीच, असं तर नसेल?

घरी येऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याला सविस्तर मेल लिहिली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. मेलमध्ये १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ पण घातलं, बँकेच्या परीक्षेला पाठ केलं होतं ते. चुकून कुणाला पैसे दिले गेले किंवा वस्तू पोचवली गेली, तर घेणाऱ्याने ती परत केली पाहिजे. चुकीच्या खात्यात पैसे आलेल्या ग्राहकांना हेच कलम मी समजावून सांगत असते.

१४ ऑगस्ट

पोच वेळेत आली होती, आज उत्तरही आलं. तेच. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, वस्तू ठेवावी.

हे म्हणाले, "आता तू तुझं केलंस." यांचा स्वभाव मला माहीत आहे, मला त्रास होऊ नये म्हणून म्हणाले. पण आई त्या रात्रीपासून गवसणीला हात लावत नाहीत. काल शेजारच्या बायका भजनाला बोलवायला आल्या, तर नवी कोपऱ्यात ठेवून चिरलेलीच घेऊन गेल्या.

बिल परत काढून बघितलं. विक्रेता कंपनी नाही, मिरजेतलं एक दुकान. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातलाच. फोन नंबर बिलावर नव्हता. मुलाने बॅटरी धरून भोपळ्याच्या आत पाहिलं, तर दुकानाची छापील चिठ्ठी चिकटवलेली, खाली नंबर.

१६ ऑगस्ट

आज फोन लागला. वयस्कर आवाज. तानपुरी पोचली म्हटल्यावर आधी बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोचली? आम्ही तर ती गेली म्हणून सोडून दिली होती, ताई."

मग सगळं कळलं. रिफंडचे पैसे कंपनीने त्यांच्याच हिशोबातून वळते केले. त्यांनी गहाळ मालाचा दावा टाकला, त्याचे ३,५०० मिळाले. एवढंच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवून, त्याला दांडी बसवून, तारा चढवून, जवारी लावून, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवून, महिनाभर दोन माणसं खपली होती, तिचे ३,५००. कुणाचं काही जात नाही, हे भावजींचं वाक्य मला तेव्हा इतकं लागलं की मी फोन कानाला धरून नुसती बसून राहिले.

मी म्हटलं, काका, ११,८०० पाठवते. तर ते ऐकेनात. "माझ्या हातात कमिशन आणि भाडं जाऊन ९,२०० पडले असते. त्यातले ३,५०० आले. तुम्ही ५,७०० द्या." मी म्हटलं, ते ३,५०० तुम्हाला वस्तू हरवली म्हणून मिळाले, आणि वस्तू तर हरवलेली नाही. यावर थोडे थांबले. म्हणाले, "बरोबर आहे. मग ते मी त्यांना परत कळवतो. तुम्ही ९,२०० पाठवा." ओळख ना पाळख, पण अर्धा तास आम्ही हिशोब करत होतो आणि दोघांनाही दुसऱ्याचा एक रुपया नको होता. लगेच पाठवले. दुकानाचं नाव स्क्रीनवर आलं ते यांना वाचून दाखवलं.

राहिले २,६००. हे कंपनीचे. पाकिटात घालून कपाटात ठेवले, वर तारीख आणि ऑर्डर क्रमांक लिहिला. खात्यात राहिले तर घरखर्चात कधी मिसळतील कळायचं नाही.

१९ ऑगस्ट

कंपनीला आणखी एक मेल. यावेळी फक्त रक्कम लिहिली आणि विचारलं, कुठल्या खात्यात भरू. उत्तर नाही. परत लिहीन.

संध्याकाळी भावजींचा फोन आला. मी त्यांना मिरजेचं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं कंपनीचंच जातंय." मग म्हणाले, २,६०० चं काय झालं ते कळवा.

२२ ऑगस्ट

मिरजेहून स्वतः फोन केला त्यांनी. पैशांचं काही नव्हतं. खोकं भिजलं होतं असं मी सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात राहिलं. "ओल लागली की आणि धक्के बसले की जवारी हलते. तानपुरी कुणी छेडेल का? फोन जवळ धरा."

आईंनी गवसणी काढली. फोन मी घोडीपाशी धरला. पंचम, जोड, खर्ज. तिकडून आवाज आला, "खर्जाचा धागा केसभर पुढे घ्या. पुढे म्हणजे भोपळ्याकडे नाही, दांडीकडे." आईंनी चष्मा वर केला, बोटाने घोडीवरचा, तारेखालचा धागा सरकवला, परत तार छेडली. "अजून थोडा." परत. बाहेर पाऊस जोरात होता, मुलाने उठून खिडकी लावली. "हां, आता ऐका," तिकडून म्हणाले. इकडे आईंनी सा लावला.