रोज किती शब्द पाठ करायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्राथमिक शाळा मराठीतून शिकून इंग्रजी साहित्याकडे वळलेली आमच्याकडची मुलं दरवर्षी हेच विचारतात, "मॅडम, शब्दसंग्रह कमी पडतो, रोज किती शब्द पाठ करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एकही नको.

मी बीएला असताना रोज वीस शब्द वहीत उतरवून घोकायचे. ती वही घेऊन हॅम्लेट वाचायला बसले आणि पहिल्याच प्रवेशात अडले. पहाऱ्यावरचा बर्नार्डो आपल्या जोडीदारांना 'रायव्हल्स' म्हणतो. वहीत तर अर्थ होता प्रतिस्पर्धी! शेवटी ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडला. लॅटिनमध्ये 'रिवुस' म्हणजे ओहोळ आणि 'रिवालिस' म्हणजे एकाच ओहोळाचं पाणी वापरणारा.

वाचताक्षणी डोळ्यांसमोर आलं आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. पहाटे बाबा खोऱ्याने मातीचा बांध फोडायचे, पाटाचं पाणी पोफळींच्या आळ्यांत शिरायचं. पाळी संपली की बांध घालून पाणी शेजारच्या काकांकडे सोडायचं. पाट साफ करायला दोघं मिळून उतरत आणि उन्हाळ्यात पाळीवरून भांडतही दोघंच. जोडीदार आणि प्रतिस्पर्धी हे दोन्ही अर्थ त्या एका पाटावर होते. 'डिराइव्ह'चं मूळही तेच, ओहोळातून पाणी वळवून नेणं. 'रिव्हर' मात्र या घरातला नाही, तो काठ या अर्थाच्या दुसऱ्या शब्दातून आला. म्हणून अंदाजावर राहू नका, कोश बघाच.

गोव्यातल्या मुलांना तर अर्धी वाट आयती मिळते. पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, पाव पोर्तुगीजमधून थेट लॅटिन 'पानिस'पर्यंत जातो. 'पँट्री' तिथलाच, आणि 'कंपॅनियन' म्हणजे आपल्याबरोबर भाकरी खाणारा. चावीचं मूळ 'क्लाविस', त्यातून 'कॉन्क्लेव्ह', किल्लीने बंद करायची खोली. इगर्ज म्हणजे चर्च, ती आणि 'एक्लेझियास्टिकल' (चर्चविषयक) एकाच कुळातले. आसगावात जन्मलेल्या मोन्सेन्योर (कॅथलिक धर्मगुरूंची पदवी) दालगादोंनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली छापला. तो एकदा तरी हाताळा.

पण सगळेच शब्द असे मुळाशी धरून उपटता येत नाहीत. थॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश' या कवितेत 'गाँट' (हडकुळा) आणि 'ब्लीक' (उजाड, उदास) येतात. तिथे व्युत्पत्तीचा फारसा उपयोग नाही. कविता मोठ्याने वाचायची, अख्खी ओळ वहीत उतरवायची आणि खाली आपल्या पाहण्यातलं काहीतरी लिहायचं. डिचोलीच्या एका मुलीने 'ब्लीक'खाली लिहिलं होतं, "खाण बंद पडल्यावर आमच्या घरामागचा डोंगर." त्या मुलीला मी पुन्हा त्या शब्दाचा अर्थ विचारला नाही.